सोसायटी ग्रुप : शुक्रवारची फवारणी आणि कंपाउंडलगतची केसाळ माशी

मानसी, सी-३०२ : (फोटो) मागच्या बागेत कंपाउंडलगत हे काय फिरतंय? अंगभर तपकिरी केस आणि तोंडाला ही एवढी लांब सुई. मुलं तिथेच क्रिकेट खेळतात. काल कबीरच्या कानाशी घोंघावत होती, तो रडतच वर आला.

पाटील काका, ए-१०१ : गांधीलमाशी. शुक्रवारी पेस्ट कंट्रोलवाला येतोच आहे, त्याला तिथेही मारायला सांगा. मेंटेनन्स कशाला भरतो आपण?

ओंकार, बी-४०४ : काका, गांधीलमाशीला एवढे केस कुठे असतात?

पाटील काका : मग मधमाशी. चावायची ती चावणारच.

जोशी काकू, बी-२०१ : मधमाशी असेल तर फवारणीला माझा ठाम विरोध आहे. टाकीखालचं आग्या मोहोळ जाळलं तेव्हाही मी बोलले होते, कोणी ऐकलं नाही. गणेशखिंड रस्त्यावर मधमाशी संशोधन संस्था आहे, आधी त्यांना विचारा.

सेक्रेटरी : मोहोळाचा विषय मिटलेला आहे, कृपया पुन्हा काढू नये. साने मॅडम, आपण प्राणिशास्त्र शिकवत होतात. जरा फोटो बघता का?

साने मॅडम, ए-३०३ : बघितला. संस्थेला त्रास नको, ही मधमाशीच नाही. माशी आहे, बी फ्लाय म्हणतात. मानसी, फोटो मोठा करून पंख मोज. दोनच आहेत, मधमाशीला चार असतात. माश्यांमध्ये मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गुंड्या उरल्यात, उडताना तोल सांभाळायला. मिशाही बघ, अगदी आखूड. ती सुई म्हणजे मकरंद प्यायची सोंड. ती आत ओढून घेता येत नाही, म्हणून कायम पुढे रोखलेली दिसते. टोचत नाही. नांगी तर नाहीच.

मानसी : मग मधमाशीचं सोंग कशाला?

साने मॅडम : पाटीलसाहेबांना जे वाटलं तेच पक्ष्यांनाही वाटावं म्हणून.

ओंकार : 😂

ओंकार : मॅडम, मी सकाळी व्हिडिओ काढलाय. एकदांडीच्या फुलावर आहे. पुढचे पाय फुलाला टेकवलेत पण पंख थांबतच नाहीत, नुसता धूसर पट्टा दिसतो. आणखी एक काळ्या पंखांची होती, ती जमिनीवर बसली होती. पंख तिरके मागे पसरून, लोहगावला सुखोई उभं असतं तशी. ती वेगळी ना?

साने मॅडम : कुळ एकच, बॉम्बिलिडी. जगात सुमारे ५,००० जाती आहेत. लात्रेय या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८०२ साली हे कुळ मांडलं, पण तुझ्या केसाळ माशीची बॉम्बिलियस ही प्रजाती स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ सालीच नोंदवली होती. काळ्या पंखांची अँथ्रॅक्स नाहीतर एक्झोप्रोसोपा. पंखांच्या शिरांमधले कप्पे मोजून ते ठरवतात. तुझ्या व्हिडिओत ती तिरकी बसली आहे, कप्पे मोजता येत नाहीत.

मानसी : अँथ्रॅक्स???

साने मॅडम : प्रजातीचं नाव आहे गं, १७६३ पासूनचं. रोगाशी काही देणंघेणं नाही.

पाटील काका : नावं काहीही असोत. माशी ती माशी. घाणीवर बसायची आणि तेच पाय घेऊन आपल्या पोळीवर यायची.

साने मॅडम : ही फुलावर बसते. मकरंद आणि पराग, एवढंच खाते. घरमाशी हिची लांबची नातलग. त्यापेक्षा जवळची रॉबर फ्लाय, ती उडणारे किडे पकडून खाते. ती दिसली तरी मारू नका.

ओंकार : व्हिडिओचा शेवट बघा ना. ती केसाळ माशी मोकळ्या मातीत बूड टेकवून थरथरते. मग भिंतीच्या कडेला पेन्सिल जाईल एवढं भोक आहे, त्याच्यासमोर हवेत थांबून शेपटीला झटके देते. हे काय चाललंय?

साने मॅडम : अरे वा! हे नशिबाने बघायला मिळतं. मादीच्या पोटाच्या टोकाला एक कप्पा असतो, त्यात ती बारीक माती भरून घेतेय. अंडी त्या मातीत घोळली जातात. त्यामुळे ती जड होतात, नेम लागतो आणि सुकत नाहीत, असं मानलं जातं. ते भोक एकट्या राहणाऱ्या मधमाशीच्या घरट्याचं आहे. आत शिरायची जोखीम ही घेत नाही, बाहेरूनच एकेक अंडं उडवते.
अंड्यातून निघते ती बारीक, वळवळी अळी. ती सरपटत आत जाते आणि मधमाशीच्या पिल्लाशेजारी नुसती पडून राहते. पिल्लू आईने ठेवलेले पराग खाऊन पुरतं गुबगुबीत होईपर्यंत थांबते. मग कात टाकून स्वतः जाड, आळशी होते आणि त्याला शोषून घेते. फाब्र या फ्रेंच निरीक्षकाने अँथ्रॅक्सच्या अळीचं जेवण बारकाईने पाहिलं होतं. कातडीला जखम दिसत नाही, तरी शेवटी रिकामं साल उरतं.
मोठ्या माशीला जबडा नाही, मग बंद घरातून बाहेर यायचं कसं? ते काम कोष करतो, म्हणजे अळी आणि माशी यांच्यामधली अवस्था. त्याच्या डोक्यावर काटे असतात, तो स्वतः माती पोखरत वर येतो. माशी जमिनीशी आल्यावरच बाहेर पडते.

जोशी काकू : म्हणजे ही आपल्या मधमाश्यांची पिल्लं खाते?? माझ्या तुळशीवर निळ्या पट्ट्यांची माशी रोज येते, तिचीसुद्धा? मग मारा मेलीला. पाटीलसाहेब, माझी हरकत मागे.

पाटील काका : आता कसं बोललात.

ओंकार : काकू, तासाभरात पक्षांतर?

साने मॅडम : काकू, जरा थांबा. औषध मारणार कुठे? त्याच मातीत. त्या भोकांत कोण राहतं? तुमची निळ्या पट्ट्यांचीच. फवारा मारला की माशी उडून जाईल आणि मधमाश्या घरात मरतील. बी फ्लाय दिसतेय याचाच अर्थ आपल्याकडे तिला पुरेल एवढी घरटी आहेत. सगळी घरटी संपवली तर हिचीच पुढची पिढी उपाशी. शिवाय सगळ्या बी फ्लाय मधमाश्यांवर जगत नाहीत. काहींच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी फस्त करतात, काही कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यात वाढतात. पोळ्यातल्या मधमाश्यांच्या वाटेला या जात नाहीत, तेव्हा आग्या मोहोळ पुन्हा लागलं तर त्यालाही हिचा धोका नाही. त्याला धोका कोणाचा ते आपल्याला माहीत आहे.

सेक्रेटरी : मॅडम, मोहोळ नको 🙏

जोशी काकू : पिल्लं खाते ती खातेच, मला ती आवडणार नाही. पण फवारणी नको. माझी हरकत पुन्हा नोंदवा.

मानसी : कबीरला सांगितलं की चावत नाही. आता त्याला पोटात माती भरणारी माशी बघायची आहे. कधी दिसेल?

साने मॅडम : ऊन चढलं की. नऊनंतर घेऊन ये, मीही येते. ढगाळ असेल तर येऊ नका.

सेक्रेटरी : शुक्रवारी फवारणी फक्त ड्रेनेज चेंबर, बेसमेंट आणि जिन्यांत होईल. मागच्या बागेत नाही. वॉचमनला कळवतो.

पाटील काका : आणि पेव्हर ब्लॉकचं काय? कोटेशन हातात आहे. त्याच कंपाउंडलगतच्या पट्ट्यात बसवायचे आहेत, चिखल होतो म्हणून.

जोशी काकू : त्याच पट्ट्यात???

साने मॅडम : ब्लॉक बसले तर घरटी बंद. भिंतीकडेचा दोन फुटांचा पट्टा उघडा सोडला तरी चालेल, ऊन तिथेच लागतं.

पाटील काका : दोन फूट चिखल मग तुमच्या दारात आणून टाकू का?

सेक्रेटरी : विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घेतो. हरकती लेखी, रविवारपर्यंत ऑफिसच्या पेटीत. ग्रुपवरच्या हरकती धरल्या जाणार नाहीत.