सीटी ७० मध्ये १२५चं इंजिन

दादा, काकांच्या जुन्या होंडा सीटी ७० या छोट्या मोटारसायकलमध्ये लिफान या चिनी कंपनीचं १२५ सीसीचं इंजिन बसेल का, असं विचारलंत. बसतं. मूळ ७२ सीसीचं इंजिन आडवं, दोन बोल्टांवर टांगलेलं. नव्याची भोकं त्याच जागी येतात. पण जुनं वायरिंग ६ व्होल्टचं, त्यामुळे बॅटरी, बल्ब, हॉर्न सगळं १२ व्होल्टचं करावं लागेल.

चेनची लाइन, म्हणजे पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका रेषेत असणं, मात्र अंदाजावर सोडू नका. नौपाड्यात मी जातो त्या गॅरेजमध्ये अशाच एका गाडीची चेन हातात घेऊन पाहिली. कड्यांची एकच बाजू घासून आरशासारखी चकाकत होती. पुढचं स्प्रॉकेट जेमतेम ३ मिलिमीटर बाहेर आलं होतं, एवढंच! दोन्ही स्प्रॉकेटांना सरळ पोलादी पट्टी लावून बघा.

आणि ब्रेक. १० इंची चाकं, चिमुकले ड्रम. येऊरच्या उतारावर १२५ सीसी इंजिनाच्या वेगाला ते पुरत नाहीत. कृपा करून आधी नवे ब्रेक शू टाका.

आरटीओलाही आधीच विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल परस्पर करता येत नाही. मूळ इंजिन विकू नका हं, तेल लावून जपून ठेवा.