जिल्ह्यातल्या संस्था किती धडधाकट आहेत, हे कशावरून ओळखायचं?

रानपाखरू:
आमच्या जिल्ह्यातल्या सामाजिक संस्थांची पाहणी करायचं काम माझ्याकडे आलंय. हातात दिलेल्या प्रश्नावलीत लाभार्थी किती, प्रकल्प किती, वार्षिक उलाढाल किती, एवढंच आहे. सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीवरून यादी करायला घेतली तर त्यात देवस्थानं, शिक्षणसंस्था, मंडळं सगळंच येतं, आणि कित्येक संस्था आता कागदावरच उरल्यात. ज्या खरंच काम करतात त्या पुढची पाच वर्षं टिकतील का, हे कळायला मी काय विचारू?

खतावणी:
मी बरीच वर्षं संस्थांचे हिशेब लिहितो, त्यामुळे माझं उत्तर हिशेबाच्या वहीतूनच येणार. पहिलं हे विचारा: आज सगळे प्रकल्प थांबले, तर किती महिने पगार देता येतील?

खात्यातली शिल्लक पाहून फसू नका. समजा 18 लाख आहेत. त्यातले 16 लाख पाणलोटाच्या कामासाठी आलेत, ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. मोकळे राहिले 2 लाख, आणि महिन्याचे पगार दीड लाख. म्हणजे ही संस्था जेमतेम सव्वा महिना निघेल. आणि अशी वेळ बऱ्याच ठिकाणी दरवर्षी येते: प्रकल्प 31 मार्चला संपतो, नवा करार व्हायला पावसाळा उजाडतो. मधले महिने विश्वस्तांच्या उसनवारीवर जातात.

'राखीव निधी का नाही उभारला?' असं संस्थांना विचारणं सोपं आहे. पण उभारायचा कशातून? 2021 पासून कंपनीने संस्थेच्या कॉर्पसला (म्हणजे कायम राखून ठेवायच्या निधीला) दिलेली रक्कम सीएसआर खर्चात, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर करावा लागतो त्या खर्चात, धरत नाहीत. परदेशी निधीचं म्हणाल, तर त्याच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने तो पैसा दुसरीला देणंही बंद झालं. माझ्या मते या शेवटच्या गोष्टीचा मार सगळ्यात जास्त बसला. तालुक्याच्या पातळीवरच्या लहान संस्था मोठ्या संस्थांमार्फतच तो निधी मिळवत होत्या.

आणखी एक. विश्वस्त बदलल्यावर चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, दाखल केलाय का, ते पाहा. कायद्याने 90 दिवसांत करावा लागतो. परिशिष्ट 1 वर, म्हणजे तिथल्या न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, वारलेल्या विश्वस्तांचीच नावं असली, की बँकेत सह्या बदलतानाच काम अडतं. चांगल्या संस्थाही इथे ढिल्या असतात.

पायवाट:
मी कुपोषणाच्या कामात गट समन्वयक आहे. लाभार्थी किती, यापेक्षा एकच कार्यकर्ती एका गावात किती वर्षं टिकलीय ते विचारा. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग नवा प्रकल्प नव्या नावाने. ती सोडून गेली तरी वहीतली बाळांची वजनं आमच्याकडे राहतात. पण कुठल्या घरात सासूशी आधी बोलावं लागतं, कुठली आई ऊसतोडीला जाऊन कधी परतते, ही माहिती तिच्याबरोबर जाते. नवी बाई आली की पुन्हा दारापासून सुरुवात. मला याचा फार त्रास होतो, कारण मधल्या काळात बाळं थांबून राहत नाहीत.

शिवाय नोंदणी नसलेली महिला मंडळंही बघा. आमच्या भागात टाळेबंदीत धान्य आधी त्यांनीच पोचवलं होतं.

रानपाखरू:
दोन्ही गोष्टी प्रश्नावलीत घालते. एक शंका आहे. एका कंपनीच्या माणसाने सांगितलं, की कायद्यानेच संस्थेला प्रशासनावर 5 टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. खरं आहे का हे?

खतावणी:
नाही. ही समजूत फार पसरलीय आणि तिने खूप नुकसान केलंय. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च नियमाच्या व्याख्येतूनच वगळलाय. संस्थेला किती द्यायचं ते करारात ठरतं, म्हणून तिथे बोलायला हवं.

अंदाजपत्रकात सगळे पगार 'प्रशासन' या एका ओळीत कोंबू नका. समन्वयक गावात फिरतो, तो प्रकल्पाचाच खर्च. लेखापालाचा जितका वेळ त्या प्रकल्पाला जातो, तितका भाग तिथेच दाखवा आणि वेळेची नोंद ठेवा, म्हणजे ऑडिटमध्ये प्रश्न येत नाही. पाहणीत या 5 टक्क्यांपायी कुणी लेखापाल कमी केल्याचं आढळलं, तर तेही लिहून घ्या.