डिझेल मोअर: किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’

[मंडळ-चर्चा] ओहायोहून

नमस्कार मंडळी,

तीन सिलिंडरचा डिझेल रायडिंग मोअर, म्हणजे वर बसून गवत कापायचं यंत्र. ग्लोचा (सुरू करण्याआधी इंजिन तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझला की किल्ली स्टार्टवर न्यायची. एकच ‘टक्’ होतं आणि इंजिन जागचं हलत नाही. पाच-सहा वेळा किल्ली फिरवली की एखाद्या वेळी झोकात फिरतं आणि लगेच सुरू होतं. बॅटरी उभ्या उभ्या १२.६ व्होल्ट दाखवते. दुकानातून सल्ला मिळाला की स्टार्टर बदला. त्याआधी काय तपासू? मल्टिमीटर आहे.

[मंडळ-चर्चा] मिशिगनहून

दादा, स्टार्टर इतक्यात मागवू नका. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल. एकदा फिरायला लागला की झोकात फिरतो, म्हणजे मोटर बहुधा ठणठणीत आहे. खोट आहे ती मोटरपर्यंत वीज पोचण्याच्या रस्त्यात.

आधी बेत नीट करा. ब्लेडचा पीटीओ (इंजिनची ताकद ब्लेडला देणारा जोड) बंद, गियर न्यूट्रलला, पार्किंग ब्रेक ओढलेला, चाकांना ओंडके. क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. कॉम्प्रेशनला जड जाईल, पण फिरायला हवं. एका जागी साफ अडलं तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलेलं असू शकतं. अशा वेळी स्टार्टर मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

१२.६ वरून बॅटरी भरलेली आहे एवढंच कळतं, जोर कळत नाही. एकाला किल्लीवर बसवा आणि ‘टक्’ होताना व्होल्टेज मोजा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच टेकवा, क्लॅम्पवर नको.

आकडा ६-७ वर कोसळला तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर इंजिन किंवा मोटर अडकली आहे. १२ च्या वरच राहिला तर मोटरला करंट जातच नाहीये. नीट फिरत असताना तो ९.६ च्या खाली जाता कामा नये.

मग स्टार्टरवर या. तिथे तीन टर्मिनल असतात. बी, म्हणजे बॅटरीची जाड केबल येते तो बोल्ट. एस, म्हणजे किल्लीकडून येणारी बारीक वायर. आणि एम, म्हणजे सोलेनॉइडमधून (स्टार्टरवरच्या चुंबकी स्विचमधून) मोटरमध्ये जाणारी छोटी जाड पट्टी. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा आणि ‘टक्’ होत असताना तिन्हींचे आकडे घ्या. केबलचा ओहम मोजत बसू नका. दीडशे ॲम्पियरला एक व्होल्ट खाणाऱ्या जोडाचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो, साध्या मीटरला तो दिसणारच नाही.

[मंडळ-चर्चा] ओहायोहून

काका, इंजिन हाताने व्यवस्थित फिरतं. ‘टक्’च्या वेळी बॅटरी १२.४, बी १२.४, एम शून्य, एस ९.२.

[मंडळ-चर्चा] मिशिगनहून

बीपर्यंत वीज पूर्ण येते आणि एमवर काहीच नाही, म्हणजे सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जुळत नाहीत. कारणं दोन. डेन्सो पद्धतीच्या गियर रिडक्शन स्टार्टरमध्ये हे कॉन्टॅक्ट आणि प्लंजरची (चुंबकाने आत ओढल्या जाणाऱ्या दांड्याची) तांब्याची चकती ठिणग्यांनी झिजून खड्डे पडतात. ते असेल तर फक्त कॉन्टॅक्ट आणि प्लंजर बदलायचा, अख्खा स्टार्टर नाही. दुसरं कारण, एसला ९.२ च मिळतात, त्यामुळे प्लंजर पुरता ओढलाच जात नाही.

निवाडा असा करा. एसची वायर काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ३० ॲम्पियरचा फ्यूज आणि दाबायचं बटण लावून जाड वायर थेट एसला द्या. इंजिन पेटू नये म्हणून किल्ली बंदच ठेवा. दहा वेळा दाबा. दहाही वेळा फिरलं तर स्टार्टर निर्दोष. मधूनच नुसता ‘टक्’ झाला तर कॉन्टॅक्ट झिजलेत.

पेचकसाने बी आणि एस जोडायचा उद्योग कोणी करू नये. सेफ्टी स्विच बाजूला पडतात, आणि मोअर गियरमध्ये असेल तर समोर उभ्या माणसावरच चालून येतो.

[मंडळ-चर्चा] ओहायोहून

दहापैकी दहा! मग एक रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच) टाकून मोकळा होऊ का?

[मंडळ-चर्चा] न्यू जर्सीहून

मध्येच बोलते, कारण रिलेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सोलेनॉइड ओढताना पंचवीस-तीस ॲम्पियर घेतो. तो करंट फ्यूज, किल्ली, ब्रेक पेडलचा स्विच आणि पीटीओचा स्विच यांतून एकापाठोपाठ जातो. तुमचे ३.२ व्होल्ट यांतल्याच कुठल्यातरी जोडात जळताहेत. आधी तो जोड शोधा. एसची वायर परत लावा, नाहीतर करंटच वाहणार नाही आणि सगळीकडे १२ दिसतील. मग किल्ली स्टार्टवर धरून बॅटरीपासून एकेक कनेक्टरवर मागून मीटरचं टोक घालत जा. जिथे आकडा एकदम पडतो, तिथेच चोर.

मोअरमध्ये माझा पहिला संशय ब्रेक पेडलच्या स्विचवर. तो खाली असतो, त्यावर ओलं गवत चिकटतं आणि पिना हिरव्या पडतात. कनेक्टर तापलेला किंवा प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं तर नुसती सफाई पुरणार नाही, पिना नव्या घाला.

सफाईनंतरही एसला ११ च्या खालीच मिळालं तर खुशाल रिले टाका. चार पिनांचा ४० ॲम्पियरचा घ्या. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूजमधून १२ गेजची वायर, ८७ वरून एसला तशीच वायर, ८५ इंजिनच्या अर्थला. ८६ ला मात्र जुनी एसची वायरच लावायची. काही जण ८६ थेट किल्लीवरून घेतात; तसं केलंत की ब्रेक आणि पीटीओचे स्विच गेले कामातून. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही.

[मंडळ-चर्चा] मिशिगनहून

वहिनींचं पटलं, आधी जोडच शोधा. एकच भर: आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढल्याशिवाय बीच्या नटाला पाना लावू नका, चॅसीला टेकला तर पानाच वेल्ड होईल. आणि दोन नट असतील तर आतला धरून बाहेरचा सोडवा. बोल्ट आत फिरला तर सोलेनॉइडचं आवरण तडकतं, आणि मग खरंच नवा स्टार्टर घ्यावा लागेल.

[मंडळ-चर्चा] ओहायोहून

ब्रेक पेडलचाच स्विच! आत जाताना ११.९, बाहेर ९.५. नवा स्विच आणि पिना घातल्यावर एसला ११.५ येतात. रिले लावला नाही.