जुळ्या करडांची मरतूक: 40 शेळ्यांवर पीएच.डी. होईल का?

पशुपोषण_विद्यार्थिनी
नमस्कार. मी पशुपोषणशास्त्रात पीएच.डी. करीत असून धाराशिव जिल्ह्यातील उस्मानाबादी शेळ्यांच्या जुळ्या करडांची पहिल्या आठवड्यातील मरतूक हा माझा विषय आहे. गर्भाच्या वजनाची सुमारे 70 टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, म्हणून त्या काळात शेळीला रोज 250 ग्रॅम जादा खुराक देऊन करडे जास्त वाचतात का, हे 20-20 शेळ्यांच्या दोन गटांत पाहण्याचा माझा आराखडा आहे. एवढ्या शेळ्यांवर मरतुकीचा निष्कर्ष निघणार नाही, असा शेरा सल्लागार समितीने मारला आहे. शेळ्या वाढवणे खर्चात बसत नाही. काय करावे?

निवृत्त_पशुवैद्य
समितीचे म्हणणे खरे आहे. मरतूक 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आली, हे खात्रीने दाखवायचे तर प्रत्येक गटात साधारण 200 करडे लागतात. शिवाय जुळी करडे एकाच आईचा चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पितात, त्यामुळे हिशेबात ती दोन स्वतंत्र नोंदी धरता येत नाहीत. मरतूक मोजण्याऐवजी मरतुकीच्या आधीची पायरी मोजा. शेळीच्या वारेतून, म्हणजे जारातून, रोगप्रतिकारक प्रथिने गर्भापर्यंत पोचतच नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाऊन साधारण 24 तासांत संपते. म्हणून जन्मवेळचे वजन, पहिल्यांदा चीक पिण्याची वेळ, गुदद्वारातील तापमान आणि 24 तासांनंतरच्या रक्तजलातील (सीरममधील) प्रथिने, ज्यांवरून चिकातले किती शोषले गेले ते कळते, या चार नोंदींवर 40 शेळ्यांत बरेच काही दिसेल. चिकाची प्रत पाहायला द्राक्ष बागायतदार गोडी मोजतात तेच ब्रिक्सचे यंत्र चालते. मात्र गाईच्या चांगल्या चिकासाठी किमान मानली जाणारी 22 ब्रिक्सची रेषा शेळीला जशीच्या तशी लावू नका. आणि तुलनेसाठी म्हणून चीक न पाजलेला गट चुकूनही ठेवू नका.

शेळीवाला_तुळजापूर
मी शास्त्रज्ञ नाही, बावीस शेळ्या सांभाळतो. ताई, खुराकाचे तुमचे बरोबर असेल, पण आमच्या भागात अजूनही कित्येक घरांत जार पडल्याशिवाय चीक पाजत नाहीत. शेळी मध्यरात्री व्याली आणि जार सकाळी पडला, तर करडू तोवर उपाशीच राहते. आमच्याकडेही आईच्या काळापर्यंत हेच होते. मागच्या पौषात एका जुळ्यातले लहान करडू गोणपाटावर पडून होते, तोंडात बोट घातले तर आत गार लागले आणि चोखायची ओढही नव्हती. सडातली पहिली घट्ट धार काढून टाकली, करडू आधी चुलीजवळ ऊब देऊन शेकले आणि मग चीक थोडा थोडा पाजला, तेव्हा ते उभे राहिले. उरलेला चीक खरवसासाठी मागायला शेजारी येतातच, ते वेगळे! तुमच्या वहीत 'जार पडायच्या आधी पाजला की नंतर' असा एक रकाना जरूर ठेवा.

निवृत्त_पशुवैद्य
हा रकाना माझ्या चारही नोंदींपेक्षा मोलाचा ठरू शकतो. एक भर घालतो: करडू अगदी गार आणि पाच तासांहून मोठे असेल, तर नुसते शेकू नये, अंगातली साखर संपलेली असल्याने शेकतानाच ते दगावू शकते. अशा वेळी आधी ग्लुकोज द्यावे लागते, आणि ते काम पशुवैद्यकाचे आहे.

पशुपोषण_विद्यार्थिनी
दोघांचेही आभार. खुराकाचे दोन गट तसेच ठेवून मुख्य निष्पत्ती मरतुकीऐवजी 24 तासांची रक्तजल-प्रथिने धरते आणि जार व चीक यांच्या वेळा वेगळ्या नोंदवते. अडचण आता एवढीच उरते की रात्री व्यालेल्या शेळीची वेळ घड्याळ पाहून कोण लिहिणार?

शेळीवाला_तुळजापूर
घरातल्या बाईला विचारा, ताई. शेळी व्याली की पहिली ती उठते. भिंतीवर दिनदर्शिका आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, एवढे देऊन ठेवा.