शब्दचर्चा : झटका यंत्राचा की हृदयविकाराचा?

दुभाषी : छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरच्या (हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले की विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या), म्हणजे आयसीडीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतोय. मी लिहिलं, 'एकच झटका आला आणि नंतर बरं वाटत असेल, तर दवाखान्यात फोन करून कळवा.' तपासणाऱ्या बाईंचा शेरा : 'हार्ट अटॅक आल्यावर फक्त फोन?' मला यंत्राने दिलेला झटका म्हणायचा होता. काय लिहू? पुढे 'अयोग्य झटका'ही आहे, म्हणजे गरज नसताना यंत्राने दिलेला.

सरळमार्गी : 'शॉक' लिहा आणि मोकळे व्हा. झटका येतो, शॉक बसतो. क्रियापदच फरक सांगतं.

शुद्धमती : 'विद्युत-आघात' का नको?

दुभाषी : हृदयाघात, पक्षाघात आधीच आहेत. गोंधळ तोच.

वायरवाला : मी ही यंत्रं तपासतो. पेशंट 'दणका बसला' म्हणतात, आणि तो दणकाच असतो, ३५-४० जूलपर्यंत. 'अयोग्य' मात्र काढा, यंत्राने असभ्यपणा केल्यासारखं वाटतं. यंत्र मुख्यतः ठोके मोजतं. ईसीजीत दर ठोक्याला आधी आर लाट दिसते, मागून टी लाट; ही टी लाट मोठी असली की कधीकधी यंत्र तीही ठोका म्हणून धरतं, मग ९०चे १८० होतात आणि धडधाकट माणसाला शॉक बसतो. यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी वायर तुटली तरी तिच्या खरखरीला ते ठोके समजतं. याला 'नाहक शॉक' म्हणा.

तंबोरा : विषय निघालाच आहे तर, पत्रकात 'अतालता' (ठोक्यांचा बिघाड, इंग्रजीत अरिद्मिया) आहे का? मला तो शब्द खुपतो. ठोके नुसते संथ पडले तर लय विलंबित झाली, बिघडलं काहीच नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा, दोन ठोक्यांतलं अंतर कुठेच सारखं नसतं, म्हणजे लयच गेली. 'लयभंग' म्हणा.

वायरवाला : बिघडलं कसं नाही? ठोके फार संथ झाले की माणूस चक्कर येऊन पडतो. पेसमेकर त्यासाठीच तर बसवतात! १९५८ साली स्टॉकहोममध्ये पहिला बसवला तो काही तासच चालला, पण तो बसवलेले पेशंट आर्ने लार्सन पुढचे बदलत बदलत २००१पर्यंत जगले.

शुद्धमती : 'ताल' तळहाताच्या 'तल'शी जोडलेला, टाळी त्यातलीच. ठोक्याला तोच जवळचा. 'लय' मुळात 'ली', विरून जाणे. हृदयाच्या बाबतीत अशुभच!

तंबोरा : मग गवयांनीही लय सोडावी का?

सरळमार्गी : अहो, त्यांचा प्रश्न झटक्याचा होता.

दुभाषी : पत्रक छापायला जातंय. तूर्त 'यंत्राचा शॉक बसल्यास' आणि 'नाहक शॉक' ठेवलंय.

शुद्धमती : शॉक इंग्रजी, नाहक फारसी. यात मराठी काय उरलं?

सरळमार्गी : 'बसल्यास'.

तंबोरा : तेही संस्कृत 'उपविश्'वरून आलंय. पण फिब्रिलेशनमध्ये ताल कुठे असतो, ते शुद्धमतींनी अजून सांगितलेलं नाही.