पापे पदरी घेणे : रोजच्या लहान पापांविषयी तुमचे अनुभव सांगा

धागा सुरू करणारी, नगर

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन होतं. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेबांनी आत्मपरीक्षणासाठी दोन मिनिटं शांतता ठेवली. मला त्या दोन मिनिटांत एकही पाप आठवलं नाही. आठवलं ते घरी येऊन चपला काढताना. उपासनेला उशीर होईल म्हणून सासूबाईंचा चहा न करताच मी निघाले होते, आणि त्यांनी विचारल्यावर "दूध नासलं" म्हणाले होते. दूध नासलेलं नव्हतं.

एवढीशी गोष्ट. पण प्रभूच्या मेजापाशी ती मला आठवलीही नाही, याची भीती वाटली.

माझी आजी शेतावरून आली की तांब्याभर पाणी पायांवर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. सकाळी अंघोळ झालेली असे, पण पाय धुवायचेच. योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, प्रभू शिष्यांचे पाय धूत असताना शिष्य पेत्र त्याला म्हणतो, नुसते पायच नको, माझे हात आणि डोकंही धू. तेव्हा प्रभू सांगतो की ज्याचं स्नान झालंय त्याला पायच धुवायला हवेत. आजी म्हणायची, बाप्तिस्मा ही अंघोळ आणि संध्याकाळची प्रार्थना हा तांब्या.

योहानाच्या पहिल्या पत्रात आपल्या मराठी बायबलात "पापे पदरी घेतली", म्हणजे कबूल केली, असे शब्द आहेत. मला ते फार नेमके वाटतात. तोंडानं कबूल केलेलं वाऱ्यावर जातं, पदरात घेतलेल्याचं वजन लागतं.

तुमचं असं काही रोजचं, लहान पाप असेल तर लिहा. त्यानं तुमच्यात काय बदललं आणि ते कसं धुतलं गेलं, हेही लिहा. नावं नकोत. आणि कृपा करून दुसऱ्यांची पापं इथे धुऊ नका.

परिचारिका, मिरजेजवळून

20 वर्षांपूर्वी मी रात्रपाळी करायचे. वॉर्डात 40 खाटा आणि आम्ही दोघी. पहाटे 4 वाजता प्रत्येकाचं तापमान आणि नाडी बघून तक्त्यावर नोंदवायची असे. एका रात्री फार दमले होते. शेवटच्या सहा खाटांचे आकडे मी टेबलावर बसूनच लिहिले.

पहिल्या दिवशी झोप लागली नाही. दुसऱ्यांदा तसंच केलं तेव्हा लागली. महिनाभरात हात आपोआप 98.6 लिहू लागला. त्या सहा खाटांवर कोणालाही काही झालं नाही, देवाची दया. पण माझं झालं. रुग्णाच्या कपाळाला हात लावायची माझी सवयच गेली. घरी माझं पोर तापानं फणफणलं होतं आणि ते माझ्याआधी नवऱ्याला कळलं. मी शेजारीच बसले होते. रोजचं पाप काय करतं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते, ते हाताची जाणीव घेऊन जातं.

त्या रात्री मुलाच्या उशाशी गुडघ्यांवर प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टरना सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून तुझे तक्ते रोज मी तपासणार." महिनाभर तपासले. त्या महिन्यात मी एकेका खाटेशी थांबून, नाव विचारून, कपाळाला हात लावून मगच थर्मामीटर लावायचे. क्षमा मला त्या रात्रीच मिळाली, याबद्दल मला शंका नाही. हात परत यायला मात्र तो अख्खा महिना लागला.

वसईहून, गृहिणी

आम्ही कॅथलिक. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी, सात-आठ वर्षांची असताना, कन्फेशनसाठी, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीसाठी, पापांची यादी पाठ केली होती : रागावले, खोटं बोलले, मिस्सा (रविवारची उपासना) चुकवली. चाळिशीतही दर उपवासकाळात मी तीच यादी म्हणत होते. एका वर्षी जाळीपलीकडून फादरांनी हळूच विचारलं, "कोणावर रागावलात?"

मला बोलताच येईना. वाडीतल्या बांधावरून मोठ्या जावेशी सहा वर्षं अबोला होता. आमच्या दोघींची घरं एकाच अंगणात. तिच्या दाराकडे न बघता अंगण कसं झाडायचं, हे मी शिकून घेतलं होतं. त्या अबोल्याचा मला त्रासही होत नव्हता. तो घरातल्या कपाटासारखा झाला होता, वळसा घालून जायचं. पण त्याच सहा वर्षांत जपमाळ म्हणताना माझे मणी पुढे जायचे आणि मन कुठेच नसायचं. या दोन गोष्टींचा संबंध मी कधी जोडला नव्हता.

प्रायश्चित्त म्हणून फादरांनी प्रार्थना सांगितली नाही. तिच्या दारात जा, म्हणाले. मत्तयाच्या 5व्या अध्यायातलंच ते, दान वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर. सुकेळी घेऊन गेले. पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं. बांधाचा प्रश्न अजून तसाच आहे. पण ती म्हणाली, "पाऊस लागलाय, कपडे काढून घे." सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

निवृत्त शिक्षिका, पुणे

माझं पाप प्रार्थनेच्या रूपात यायचं, म्हणून ओळखायला फार वेळ लागला. स्त्रियांच्या प्रार्थनासभेत मी म्हणायचे, "प्रार्थनेसाठी सांगते हं," आणि मग ज्याचं त्याचं घरातलं सांगायचे. एका मुलीचं ठरलेलं लग्न का मोडलं, हे असंच माझ्या तोंडून बाहेर पडलं. महिन्याभरात ते कुटुंब मंडळीत यायचं थांबलं.

मी त्यांच्या घरी गेले आणि क्षमा मागितली. मुलीच्या आईनं पाणी दिलं, क्षमाही केली. मग म्हणाली, "पण ती आता त्या बाकावर बसणार नाही, बाई." याला काही उत्तर नव्हतं, आजही नाही. देवानं मला धुतलं, पण तो बाक रिकामाच राहिला. हे दोन्ही खरं आहे आणि मी दोन्ही धरून जगते.

आता कोणासाठी प्रार्थना मागायची असेल तर म्हणते, "एक बहीण आहे, नाव देवाला ठाऊक आहे."

विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

एक विचारू का? मी अलीकडेच बाप्तिस्मा घेतला. रोज पाप होतं, रोज क्षमा मागतो, तर दरवेळी माझं तारण, म्हणजे पापातून मिळालेली मुक्ती, जातं आणि परत मिळतं का? हे वाचून धास्ती वाटली.

निवृत्त पाळक, सोलापूर

बाळा, पोर चिखलात पडलं म्हणून त्याच्या नावापुढचं बापाचं नाव पुसलं जात नाही. पण जेवायला बसण्याआधी हात धुवावेच लागतात. नातं मोडत नाही, पंगत चुकते. स्तोत्र 32 वाच. दावीद राजा सांगतो, पाप कबूल न करता मी गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजली. त्याचं राज्य गेलं नव्हतं, तो देवाचाच होता, तरी हाडं झिजत होती.

मडगावहून

आमच्या कोंकणीत कन्फेशनला कुमसार म्हणतात. कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप आणि लहान पाप वेगळं मानतात. गंभीर पाप वर्षातून निदान एकदा तरी कबूल करायलाच हवं. लहान पापानं देवाशी नातं तुटत नाही, प्रेम थंडावतं. पण वरच्या विद्यार्थ्याला एक सांगायचं आहे. मी तीन वर्षं उलट्या टोकाला होतो. कुमसार करून बाहेर पडलो की पायरीवरच वाटायचं, काहीतरी राहिलं, आणि परत रांगेत. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथरही मठात असताना तासन्‌तास पापकबुली करत असे. पाय घासून घासून रक्त काढणं म्हणजे धुणं नव्हे. एका फादरांनी मला सांगितलं, महिन्यातून एकदाच यायचं आणि मधल्या दिवसांत माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा. ती आज्ञा पाळणं मला उपासापेक्षा कठीण गेलं.

किराणा दुकानदार, जालना जिल्हा

माझ्या तराजूत पासंग होता. वडिलांच्या वेळेपासून एका पारड्याखाली मेण चिकटवलेलं, 20 ग्रॅमचं. मी ते लावलं नव्हतं, म्हणून माझं पाप नाही असंच धरून होतो. रात्री गल्ला मोजून मग बायबल वाचायचो. एकदा जक्कयाची, फसवून घेतलेलं चौपट परत देणाऱ्या जकातदाराची, गोष्ट मुद्दाम वगळून पुढचं पान उलटलं आणि माझं मलाच कळलं.

मेण खरवडून काढलं. पण जक्कयासारखं चौपट द्यायचं कोणाला? बाजारच्या दिवशी येणारी गिऱ्हाइकं, निम्मी वारलेली, निम्मी गाव सोडून गेलेली. मग ठरवलं, वर्षभर प्रत्येक मापावर मूठभर जास्त. काही न बोलता.

एक म्हातारी दर बुधवारी डाळ न्यायची. तिनं पिशवी हातात तोलली आणि म्हणाली, "मालक, जास्त झालं," आणि मूठभर काढून पारड्यात परत टाकली. मग मला गप्प राहता येईना. मेण कुठे होतं ते तिला दाखवलं. किती वर्षं, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ पारड्याकडे बघितलं आणि पिशवीचं तोंड पुन्हा उघडून पुढे धरलं.