मदत हवी आहे : अर्थशास्त्राच्या पदवीसाठी लहान निवासी विद्यापीठ की दिल्ली विद्यापीठ?

नमस्कार.

माझ्या मुलीने यंदा राज्य मंडळाची बारावी वाणिज्य शाखेतून, गणित विषय घेऊन, चांगल्या गुणांनी पूर्ण केली असून तिला अर्थशास्त्रात पदवी घ्यायची आहे. बंगळूरजवळ सर्जापूरला असलेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या चार वर्षांच्या बी.ए. ऑनर्स अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा आणि मुलाखत होऊन तिची निवड झाली आहे. तिने सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षाही दिली होती, आणि मिळालेले गुण पाहता दिल्ली विद्यापीठाच्या एखाद्या बऱ्या महाविद्यालयात तिला अर्थशास्त्र मिळेल असे दिसते. अंतराचा मुद्दा आम्ही बाजूला ठेवला आहे. कर्नाटक एक्सप्रेस आमच्या सोलापुरावरून एका बाजूला बंगळूरला आणि दुसऱ्या बाजूला नवी दिल्लीला जाते. फरक एवढाच की बंगळूर एका रात्रीवर आहे आणि दिल्लीला एक अख्खा दिवस नि रात्र मोडते.

घरची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण सल्ला देताना तिचा उपयोग होईल. मी शाळेत शिक्षिका आहे आणि यजमानांचा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणण्याचा लहानसा कारखाना आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. अकरावीपासून कारखान्याची सूतखरेदीची वही तीच लिहिते, आणि अर्थशास्त्राची ओढ तिला त्या वहीमुळेच लागली, असे मला वाटते. सुताचा भाव वाढला की तो आम्हाला त्याच आठवड्यात मोजावा लागतो, टॉवेलाचा दर मात्र व्यापारी सहजी वाढवून देत नाही, आणि विणकराची मजुरी तर दिवाळीच्या बोनसची बोलणी सुरू होईपर्यंत जिथल्या तिथे असते; तिन्ही भाव एकाच मालाचे असताना त्यांची चाल इतकी वेगळी का, असे तिने वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेले मी पाहिले आहे. वडिलांनी दिलेले उत्तर तिला पटलेले नाही.

ती लिहून उत्तम मांडते, पण स्वभावाने अबोल आहे, आणि अनोळखी माणसांत इंग्रजीत बोलायचे म्हटले की तिचे शब्द आतल्या आत राहतात. माझी खरी अडचण इथेच आहे. लहान संस्थेत वर्ग लहान असतात, शिक्षक प्रत्येकाला नावाने ओळखतात आणि चर्चेत प्रत्येकाला भाग घ्यावाच लागतो. त्यामुळे ती तिथे मोकळी होईल, असे मुलाखतीला सोबत गेलेल्या माझ्या बहिणीला वाटते. मला मात्र अशी भीती वाटते की जिथे लपायला जागाच नाही, तिथे मराठी माध्यमातील मूल पहिल्या सहा महिन्यांतच खचून जाईल. मोठ्या विद्यापीठातील गर्दीत निदान काही काळ गप्प बसून, ऐकून, सवय करून घेता येते. उलट बाजूने असेही वाटते की गर्दीत एकदा गप्प बसायची सवय लागली की तीन वर्षे तशीच निघून जातील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरी शंका विषय बदलण्याची आहे. तिला इतिहास आणि समाजशास्त्रही आवडते, त्यामुळे वर्षभराने मन बदलले तर कोणत्या ठिकाणी वाट अधिक मोकळी राहते, हे जाणून घ्यायचे आहे. खर्चाचा प्रश्न अर्थातच आहे, कारण यंत्रमागाच्या धंद्यात कोणते वर्ष कसे जाईल हे सांगता येत नाही. नातेवाइकांची मते विचारू नका. दिल्ली म्हटले की आमच्या मोठ्या दिरांच्या डोळ्यांसमोर थेट कलेक्टरचा बंगला येतो, आणि पदवीला तेथे जाणे व स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाणे यांत काही अंतर आहे, हे त्यांच्या गावीही नाही.

दोन्हींपैकी एखाद्या प्रकारच्या संस्थेत प्रत्यक्ष शिकलेल्या, किंवा मुलांना शिकवलेल्या, मंडळींनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद : दिल्लीत शिकलेला सोलापूरकर

ताई, दिल्ली विद्यापीठ 1922 सालचे असून त्याच्या छत्राखाली नव्वदच्या आसपास महाविद्यालये आहेत, त्यामुळे ते मोठे आहे यात शंका नाही. पण पदवीच्या विद्यार्थ्याचा रोजचा संबंध विद्यापीठाशी येत नाही, तो त्याच्या महाविद्यालयाशी येतो. वर्ग, शिक्षक, ग्रंथालय, वादविवाद मंडळ, नाटकाचा गट हे सगळे महाविद्यालयाचे असते, आणि दोन महाविद्यालयांमधील फरक कधीकधी दोन विद्यापीठांमधील फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून ‘दिल्ली की बंगळूर’ याऐवजी ‘दिल्लीतील अमुक महाविद्यालय की बंगळूर’ असा प्रश्न केल्याशिवाय तुम्हाला उत्तर सापडणार नाही.

आपल्या मुलीबाबत मला बोलण्यापेक्षा गणिताची काळजी अधिक वाटते. दिल्लीतील अर्थशास्त्र ऑनर्सच्या पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राबरोबर अर्थशास्त्रासाठीच्या गणितीय पद्धती आणि संख्याशास्त्र असे विषय येतात. म्हणजे तीन मुख्य विषयांपैकी दोन आकडेमोडीचे. सुताच्या भावाचा आणि मजुरीचा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला पहिले वर्षभर त्या प्रश्नाचे तोंडही दिसत नाही, आणि अनेकांचा उत्साह याच टप्प्यावर मावळतो. बारावीचे गणित तिला मनापासून आवडले असेल तर काळजी नाही. परीक्षेसाठी पाठ केले असेल तर आताच अवकलनाची उजळणी सुरू करावी.

लपायला जागा असते हे खरे आहे, पण पूर्णपणे नाही, कारण व्याख्यानांबरोबर लहान गटांचे ट्यूटोरियल तास असतात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही असतात. ते तास मनापासून घेणारे शिक्षक मिळणे हा नशिबाचा भाग आहे. उत्तरपत्रिका इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येते, त्यामुळे वर्गातील निम्मी कुजबुज हिंदीत चालते आणि आपल्या मुलांना तेवढा आधार मिळतो. शहराचा लाभ वेगळाच. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही 1949 मध्ये सुरू झालेली संस्था विद्यापीठाच्या उत्तर परिसरातच (नॉर्थ कॅम्पस) आहे, आणि अर्थशास्त्रावरची जाहीर व्याख्याने ऐकायला कुठे लांब जावे लागत नाही. मी स्वतः वर्गापेक्षा अशा व्याख्यानांत अधिक शिकलो, पण त्यासाठी कोणी हात धरून नेत नाही, आपले आपण उठून जावे लागते.

वसतिगृहाचे मात्र आधी पाहा. सर्व महाविद्यालयांना वसतिगृह नाही, आणि जेथे आहे तेथे जागा थोड्या असतात. मग कमला नगर, विजय नगर किंवा दक्षिणेकडील सत्य निकेतन येथे पीजीमध्ये, म्हणजे भाड्याच्या खाजगी निवासात, राहावे लागते, आणि शिक्षणाच्या शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च कितीतरी जास्त होतो.

प्रतिसाद : लहान निवासी संस्थेची माजी विद्यार्थिनी

मी तुम्ही नाव घेतलेल्या विद्यापीठात नव्हते, पण त्याच प्रकारच्या, वर्ग लहान आणि सगळे एकाच आवारात राहणारे, अशा एका उदारमतवादी शिक्षणाच्या (लिबरल आर्ट्स), म्हणजे मुख्य विषयाबरोबर इतर विषयही शिकवणाऱ्या, संस्थेत शिकले आहे. मीही मराठी माध्यमाचीच.

पहिल्या सत्रात मी जवळजवळ बोललेच नाही. मला ज्यामुळे तरून जाता आले ते बोलणे नव्हतेच, लिहिणे होते. दर आठवड्याला दोन-तीन पानांचे लेखन द्यावे लागे आणि ते परत येताना समासात शिक्षकांचे प्रश्न असत : हे विधान कशावरून केले, उलट उदाहरण सापडेल का, हा परिच्छेद येथेच का. त्या प्रश्नांना मी पुढच्या लेखात उत्तर देत असे, आणि काही दिवसांनी तेच शिक्षक वर्गात म्हणाले की हिने मागच्या लेखात एक मुद्दा मांडला आहे, तो तिनेच सांगावा. तो मुद्दा माझ्याकडे आधीच तयार होता, त्यामुळे इंग्रजी अडखळले तरी मी थांबले नाही. तुमची मुलगी लिहून उत्तम मांडते, असे तुम्ही म्हणता, तर लहान संस्थेत हे भांडवल लगेच उपयोगी पडते. शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या व्यवस्थेत असे समास भरून मिळणे अवघड आहे, आणि त्यात शिक्षकांचा दोष नाही.

आता दुसरी बाजू. लहान संस्थेत विषयांची यादी कागदावर लांबलचक असते, पण विभागात शिक्षक मोजके असतात. मला कामगारविषयक अर्थशास्त्राचा एक ऐच्छिक विषय घ्यायचा होता. तो शिकवणारे शिक्षक संस्था सोडून गेले आणि माझी पदवी पूर्ण होईपर्यंत तो विषय पुन्हा निघालाच नाही. तेव्हा माहितीपत्रकातील यादीवर जाऊ नका. मागील तीन वर्षांत कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्ष शिकवले गेले आणि विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती आहेत, हे लेखी विचारा. शिवाय तेच ते चेहरे चार वर्षे पाहावे लागतात. मैत्रिणीशी बिनसले तरी जेवायला त्याच भोजनगृहात जायचे असते. अबोल मुलीला हे अधिक जड जाते, निदान मला गेले.

विषय बदलण्याबाबत एवढेच सांगते की बहुतेक लहान संस्थांत मुख्य विषयाबरोबर सर्वांना सामाईक असा अभ्यास असतो, त्यामुळे इतिहास, समाजशास्त्र यांची चव आपोआप मिळते. मुख्य विषयच बदलायचा झाल्यास नियम संस्थेगणिक वेगळे असतात. दिल्लीतही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेचे ऐच्छिक विषय घ्यावे लागतात, पण ते त्या महाविद्यालयात उपलब्ध असतील तेच, आणि जागा असतील तरच.

प्रतिसाद : बँकेतला

मी फक्त पैशांबद्दल आणि तारखांबद्दल लिहितो.

अझीम प्रेमजी विद्यापीठात कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शिकवणी शुल्कात आणि राहण्या-जेवणाच्या खर्चातही सवलत मिळू शकते. तिच्यासाठी कागदपत्रे नीट लागतात, आणि आपल्यासारख्या धंदेवाईक घरांत नेमका तिथेच घोळ होतो, म्हणून आयकर विवरणपत्रे आणि कारखान्यावरील कर्जाचे उतारे आताच काढून ठेवावेत. कर्ज घ्यायचे ठरले तर साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलतही आहे. संस्था यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर तपासून घ्या.

बंगळूरला शुल्क भरल्यावर दिल्लीचा क्रमांक लागला तर पैसे बुडतील, या धास्तीने अनेक पालक घाईत निर्णय घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024-25 साठी असे ठरवले होते की 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत करावे आणि 31 ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त 1000 रुपये कापून बाकीचे परत करावे. यंदाचे परिपत्रक काढून त्यातील तारखा पाहा. पैसे भरताना संस्थेच्या परताव्याच्या अटींची प्रतही घ्या.

दिल्लीच्या जागावाटपाचा एक नियम ध्यानात ठेवा. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाद व्हावे लागते. ती स्वीकारून पुढील फेरीत वरच्या पसंतीसाठी ‘अपग्रेड’ मागता येते. म्हणून पसंतीक्रम भरताना, जेथे तिला खरोखर जायचे नाही असे महाविद्यालय केवळ यादी लांब व्हावी म्हणून टाकू नये.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद मी मुलीला वाचायला दिले. समासातील प्रश्नांचा परिच्छेद तिने दोनदा वाचला, आणि पहिल्या सत्रातील विषयांची नावे वाचून ती न घाबरता बारावीचे गणिताचे पुस्तक घेऊन बसली, यावरून गणिताची भीती तिला नाही, ती मलाच होती असे दिसते.

आम्ही सध्या असे ठरवले आहे की बंगळूरचे शुल्क मुदतीत भरायचे आणि सवलतीचा अर्जही द्यायचा. दिल्लीचा पसंतीक्रम भरताना मुलींचे वसतिगृह असलेली महाविद्यालयेच टाकायची, मग यादी आखूड झाली तरी चालेल. त्यांपैकी एखादे मिळाले तर दोन्ही ठिकाणच्या ऐच्छिक विषयांची प्रत्यक्ष माहिती समोर ठेवून निर्णय तिने घ्यायचा. तिला पीजीत राहण्यासाठी दिल्लीला पाठवण्याची माझी तयारी नाही. बंगळूरच्या विभागाला मागील तीन वर्षांच्या विषयांबद्दलचे पत्र आजच पाठवले आहे.

एक शेवटची विनंती. दिल्लीतील महाविद्यालयांची वसतिगृहे पहिल्या वर्षाच्या मुलींना जागा कशाच्या आधारावर देतात, आणि त्यासाठी प्रवेशानंतर वेगळा अर्ज करावा लागतो का, हे कोणी अलीकडच्या अनुभवावरून सांगू शकेल का? पसंतीक्रम भरण्याची मुदत संपण्याआधी कळले तर फार उपयोग होईल.